युनिट्स मिळतात, पण कामी किती येतात?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल मिळाला. पुण्यात इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष झालं, मग घरच्यांबरोबर कॅलिफोर्नियात यावं लागलं, डी अँझा या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात प्रवेश घेतलास, आणि आता तुला एवढंच हवंय की कुणीतरी छातीठोकपणे सांगावं, दोन वर्षांनी यूसीत, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, गेले तर इथले सगळे क्रेडिट्स, म्हणजे युनिट्स, ट्रान्सफर होतील. बरेचसे होतील गं. पण हा प्रश्न अर्धाच आहे. ट्रान्सफर होऊन ते पडणार कुठे, हे कुणी विचारत नाही आणि घोळ नेमका तिथेच होतो.

यूसी तुझा एकेक विषय तीन ठिकाणी तपासतं. एकूण युनिट्सच्या बेरजेत तो धरायचा का, जनरल एज्युकेशनमध्ये (जीई, म्हणजे सगळ्यांना लागणारे सामान्य विषय) बसतो का, आणि तुझ्या मेजरच्या, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाच्या, पूर्वतयारीत चालतो का. बेरीज सगळ्यात सोपी. ज्युनिअर म्हणून, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, जायला ६० सेमिस्टर युनिट्स लागतात. डी अँझा क्वार्टरवर, म्हणजे सेमिस्टरपेक्षा छोट्या सत्रांवर, चालतं, म्हणून तुझ्यासाठी ती ९०. दीड क्वार्टर युनिट म्हणजे एक सेमिस्टर युनिट, हे गणित पाठ करून ठेव, पुढे पावलोपावली लागेल. माझ्याकडे एक मुलगा आला होता, त्याची बेरीज झकास होती. मानसशास्त्र, फिल्म, फोटोग्राफी, मानववंशशास्त्र, सगळ्यात ए. पण अर्ज करायचा होता कॉम्प्युटर सायन्सला, आणि यादीत ना लिनिअर अल्जिब्रा होतं ना फिजिक्स. एकही युनिट वाया गेलं नव्हतं तसं, सगळी ट्रान्सफर होण्याजोगीच होती. तरी त्याला आणखी एक वर्ष काढावं लागलं.

म्हणून उलटीकडून सुरुवात कर. आधी कुठे जायचंय ते तीन-चार कॅम्पस ठरव, मग विषय. यासाठी असिस्ट नावाची राज्याची अधिकृत साइट आहे, फुकट आहे. तीत तुझं कॉलेज, समोरचा कॅम्पस, मेजर आणि वर्ष निवडलंस की कुठला विषय कशाच्या बदल्यात चालेल याचा करार उघडतो. डावीकडे विद्यापीठाचा विषय, उजवीकडे डी अँझाचा. वाचायला सोपं वाटतं, पण मुलं तिथेच फसतात, कारण उजवीकडे दोन विषय असले तर त्यांच्या मधला 'अँड' किंवा 'ऑर' बारीक अक्षरात असतो. 'ऑर' असेल तर दोघांपैकी एक पुरे. 'अँड' असेल तर दोन्ही झाल्याशिवाय समोरचा विषय मिळत नाही, अर्ध्याचं अर्धंही नाही. आणि उजवीकडे 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' असं आलं तर घाबरायचं कारण नाही. तुझ्या कॉलेजात त्या विषयाला जोड नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो शेजारच्या कॉलेजात मिळतो का बघायचं, नाहीतर तिकडे गेल्यावर करायचा. चारही कॅम्पसचे करार शेजारी शेजारी ठेव आणि जे विषय सगळीकडे लागतात ते आधी घे. प्रत्येक कराराची पीडीएफ उतरवून घे. तू विषय ज्या वर्षी घेशील त्या वर्षाचा करार जवळ असू दे, कारण हे करार दरवर्षी बदलतात.

आता कॅल्क्युलस. यावर जरा जास्त लिहिते, कारण तुझ्यासारखी मुलं सगळ्यात जास्त इथेच अडकतात. डी अँझात ते चार तुकड्यांत येतं, मॅथ १ए पासून १डी पर्यंत, प्रत्येकी पाच क्वार्टर युनिट्स. जवळच्या वेस्ट व्हॅलीत किंवा मिशन कॉलेजात सेमिस्टर आहे, तिथे तोच अभ्यासक्रम तीन तुकड्यांत होतो. मग कुणीतरी सांगतं, 'तिकडचे सर सोपे आहेत, १बी झालं की तिकडे जा.' जाऊ नकोस. चाराचे तुकडे आणि तीनाचे तुकडे एकाच जागी तुटत नाहीत. मधले काही धडे दोनदा येतील, काही राहून जातील, आणि समोरचा कॅम्पस दोन्हीकडचे तुकडे जोडून पूर्ण मालिका म्हणून मान्य करेल याची खात्री नाही. एक मालिका एकाच कॉलेजात पूर्ण करायची. फिजिक्सच्या ४ए ते ४डीचंही तेच. शिवाय फिजिक्सला आधी कॅल्क्युलस लागतं, म्हणजे गणितात एक क्वार्टर मागे पडलीस की फिजिक्सही मागे पडतं. वेळापत्रक गणितापासून आखायला घे, बाकीचे विषय त्याच्याभोवती बसव.

पुण्याचं काय, हे तू शेवटच्या ओळीत हळूच विचारलंयस. मेकॅनिक्सची केटी आहे म्हणून ते वर्ष अर्जात लिहिलंच नाही तर चालेल का? नाही चालणार. यूसीच्या अर्जात आतापर्यंतच्या प्रत्येक कॉलेजचं नाव आणि प्रत्येक विषयाचा निकाल द्यावा लागतो, देश कुठलाही असो. लपवलेलं नंतर उघडकीस आलं तर मिळालेला प्रवेशही जातो. एका केटीने मात्र प्रवेश सहसा अडत नाही. अर्जात पर्सनल इनसाइट प्रश्नांची उत्तरं लिहायची असतात, तिथे नवा देश, मध्येच बदललेलं कॉलेज, हे साध्या शब्दांत सांगता येतं. तिथे रडगाणं नको.

पुण्याचे विषय असिस्टवर दिसणार नाहीत. असिस्टमध्ये फक्त कॅलिफोर्नियातली कॉलेजं आणि विद्यापीठं आहेत. तिकडच्या एम-वनला, म्हणजे पहिल्या सत्राच्या गणिताला, इथला १ए धरतील की नाही, यावर तुझं सगळं वेळापत्रक टांगून ठेवू नकोस. माझं मत विचारशील तर कॅल्क्युलस पहिल्यापासून कर. तुला जमतं, ए येईल, मालिका अखंड राहील. एकाच विषयाची युनिट्स दोनदा मिळत नाहीत हे खरं, पण इथे मुद्दा युनिट्सचा नाहीच. आणि तिकडच्या कम्युनिकेशन स्किल्सवर तर मुळीच विसंबू नकोस. यूसीला सात विषयांचा एक किमान संच लागतो, त्यात दोन इंग्रजी लेखनाचे, एक गणिताचा आणि चार इतर, सगळ्यांत किमान सी. ते दोन इंग्रजी विषय इथेच कर, आणि पहिल्याच वर्षी कर. जुन्या मुलांच्या याद्यांत त्यातला पहिला 'ईडब्ल्यूआरटी १ए' नावाने सापडेल. २०२५च्या फॉलपासून राज्यभरच्या कम्युनिटी कॉलेजांत काही विषयांना समान क्रमांक आलेत, म्हणून तो आता 'ईएनजीएल सी१०००' झालाय. विषय तोच आहे, नवा काही शोधत बसू नकोस.

जनरल एज्युकेशनसाठी कॅल-गेटसी म्हणून नवी चौकट आहे, जुन्या आयगेटसीच्या जागी आलेली. काउन्सेलर ती आधी पूर्ण करायला सांगतील आणि बहुतेकांना ते योग्यच आहे. इंजिनिअरिंग किंवा कॉम्प्युटर सायन्सला जाणाऱ्या मुलीने मात्र आधी मेजरचे विषय धरावेत. तिथे निवड करताना गणित, फिजिक्स, प्रोग्रॅमिंग बघतात. राहिलेलं जीई यूसीत गेल्यावरही करता येतं.

सीएसयूचा, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीचा, रस्ताही उघडा ठेव. २०१० साली सिनेट बिल १४४० मुळे 'असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर' ही कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी आली. ती तुझ्या विषयात तुझ्या कॉलेजात असेल, तर सीएसयूत ज्युनिअर म्हणून जागेची हमी मिळते. हमी व्यवस्थेतल्या कुठल्यातरी कॅम्पसची असते, सान होजे स्टेट या एकाच कॅम्पसची नव्हे. जाहिरातीत हा भाग कुणी मोठ्याने सांगत नाही.

टॅग, म्हणजे ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी, याबद्दल ऐकलंच असशील. यूसीचे सहा कॅम्पस, डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ, अटी पूर्ण करणाऱ्या कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना प्रवेशाची हमी देतात. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. एकाच कॅम्पसला टॅग करता येतो आणि फॉर्म १ ते ३० सप्टेंबरमध्येच भरायचा असतो. काही मेजर्सना तो लागू नसतो. सांता बार्बराच्या इंजिनिअरिंग कॉलेजला तर नाहीच. म्हणून येत्या उन्हाळ्यात तुझ्या मेजरचं नाव त्या कॅम्पसच्या टॅगच्या पानावर स्वतः वाचून घे. मैत्रिणीचा टॅग झाला म्हणजे तुझाही होईल असं नाही. मुख्य अर्ज त्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, टॅग असला तरी भरावाच लागतो.

मंडळाच्या गणपतीत कुणीतरी काकू विचारतीलच, 'कम्युनिटी कॉलेज का गं? मार्क कमी पडले का?' 'दोन वर्षांची यूसीची फी वाचवतेय' एवढं सांग आणि मोदक घे. इथल्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर पडतात. शेवटी पदवीवर नाव यूसीचंच असतं.

जीपीएचं, म्हणजे ग्रेडच्या सरासरीचं, एक. विषय आणि युनिट्स यूसीत येतात, जीपीए येत नाही. तिथे पाटी कोरी होते. निवडीसाठी मात्र इथलाच जीपीए बघतात, त्यामुळे 'पुढे सावरू' चालणार नाही. आणि प्रवेशाचं पत्र आलं तरी तो प्रवेश तात्पुरता असतो. स्प्रिंगमध्ये घेणार म्हणून अर्जात लिहिलेला विषय सोडावासा वाटला, तर सोडण्याआधी कॅम्पसला लिहून विचार. मे महिन्यात गुपचूप फिजिक्स सोडून ऑगस्टमध्ये दरवाजा बंद झालेली मुलं मी पाहिली आहेत.

या आठवड्यात काउन्सेलरची वेळ घे. जाताना हातात काय हवं ते सांगते: चार कॅम्पसचे असिस्ट करार, आणि क्वार्टरवार मांडलेलं तुझं वेळापत्रक, कच्चं का होईना. रिकाम्या हाताने गेलीस तर अर्धा तास फक्त ओळख करून घेण्यात जातो.

आईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी

ता. क. पुण्याच्या ट्रान्सक्रिप्टसाठी आत्ताच अर्ज टाक. सीलबंद पाकिटात हवी असं सांग आणि दोन-तीन प्रती जास्तीच्या मागव. तिकडे कुणी घरचं माणूस असेल तर विद्यापीठाच्या खिडकीशी जाऊन पाठपुरावा करायला सांग, नुसत्या ईमेलने ते काम हलत नाही. केटीची परीक्षा पुन्हा दिली असशील तर ती गुणपत्रिकाही त्यातच आली पाहिजे.