उपग्रह ‘जळून खाक’ झाल्यावर त्याची राख जाते कुठे?

निकामी उपग्रह वातावरणात शिरताना जळून खाक होतात, मग त्यांची राख जाते कुठे, आणि गच्चीवर पडणारी काळी भुकटी तीच का, असं तुम्ही विचारलंत. आधी तुमच्या गच्चीचं सांगतो. जुळे सोलापुरात तुमच्याकडे पडणारी काळी भुकटी उपग्रहाची नाही. आमच्याकडेही पडते. गाळप हंगाम सुरू झाला की वाळत घातलेल्या बनियनवर ठिपके दिसायला लागतात. ती उसाच्या चिपाडाची काजळी. उपग्रहाची राख डोळ्याला दिसण्याइतकी जाडच नसते.

पण ‘खाक होतात, मग राख जाते कुठे’ हे तुम्ही नेमकं विचारलंत. अक्कलकोट रोड एमआयडीसीत ओळखीच्या एकाची अ‍ॅल्युमिनियमची भट्टी आहे. वितळलेल्या धातूच्या रसावर, दुधावर धरावी तशी करडी साय धरते. पळीनं काढली की पुन्हा धरते. ते अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. उपग्रहाचा सांगाडाही बराचसा अ‍ॅल्युमिनियमचाच. 50 ते 80 किलोमीटर उंचीवर तो वितळतो, त्याची वाफ होते, तेव्हा हेच घडतं, फक्त कण नॅनोमीटरचे. 2024 च्या एका अमेरिकी अभ्यासाचा अंदाज असा की 250 किलोच्या उपग्रहातून सुमारे 30 किलो ऑक्साइड निघतं, आणि ते ओझोनच्या थरापर्यंत उतरायला 30 वर्षंही लागू शकतात. हे कण स्वतः ओझोन खात नाहीत. त्यांच्या पृष्ठभागावर क्लोरीनच्या अभिक्रियांना बळ मिळतं, त्यात ओझोन जातो आणि कण तसाच पुढच्या खेपेला तयार. एवढं नुकसान झालं असं अजून कुणी मोजून दाखवलेलं नाही, हेही खरं.

उल्का तर रोजच जळतात, मग हेच काय मोठं? वजनात उल्काच भारी आहेत, पण त्यांच्यात अ‍ॅल्युमिनियम अगदी थोडं. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अलास्कावरून उडवलेल्या विमानानं स्ट्रॅटोस्फिअरमधले, म्हणजे ओझोनचा थर असतो त्या वातावरणाच्या पट्ट्यातले, गंधकाम्लाचे कण तपासले. त्यातल्या मोठ्या कणांपैकी सुमारे 10 टक्क्यांत अवकाशयानांचे धातू सापडले. त्यात नायोबियम आणि हाफ्नियमही होतं. हे रॉकेटच्या मिश्रधातूंत वापरतात. उल्केच्या नावावर खपवता येत नाही!

सगळंच जळतं असंही नाही. 2 एप्रिल 2022 च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ रॉकेटची भलीमोठी धातूची रिंग शाबूत पडली होती.

आणि हो, ती काजळी ओल्या फडक्यानं पुसू नका, पसरते. कपडा आधी कोरडाच झटका, मग भिजवा.