पाच महिने कळ काढा

प्रश्न : चाकणला प्रेस शॉपमध्ये चार वर्षं सात महिने कायम कामगार आहे. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 13,000. खोलीभाडं साडेपाचवरून सात हजार झालं, पगाराचा करार दीड वर्ष रखडलाय. पोरं म्हणतात, सोमवारी सगळ्यांनी एकदम रजा टाकू. शेजारच्या कंपनीत ठेकेदार दोन हजार जास्त देतोय. बायको म्हणते, जा. काय करू?
– एक वाचक, चाकण

उत्तर : भाऊ, आत्ता सोडू नका. पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम, लागू होते. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, 26 दिवसांचा महिना धरून. म्हणजे तुमचे वर्षाचे 7,500, पाच वर्षांचे 37,500. आज गेलात तर पाच महिन्यांत दहा हजार जादा मिळतील आणि हे सगळे बुडतील. शिवाय कायमची नोकरी सोडून ठेक्यावर जाणं मला मुळीच पटत नाही. वहिनींना हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. भाडं त्यांनाच भागवायचंय, त्यांचं म्हणणं उगाच नाही.

आता सोमवारचं. नव्या औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तर तो संपच धरतात, आणि संपाला किमान 14 दिवस आधी लेखी नोटीस लागते. पोरांना हे आजच सांगा.

मी संपाच्या विरोधात नाही. 18 जानेवारी 1982ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी नववीत होते. वडील परळच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, आई खानावळ चालवायची. पैसे थकले तसे आईने फडताळाशेजारी भिंतीवर कोळशाने रेघा ओढायला सुरुवात केली, जेवणाऱ्या प्रत्येकाची वेगळी ओळ. रेघा खिडकीपर्यंत गेल्या, तरी ती कुणाला मागायला गेली नाही. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. मागण्या रास्तच होत्या. पण आपल्या घरात किती महिन्यांचं धान्य आहे, हे आमच्या चाळीत कुणी मोजलं नव्हतं. तुमच्या युनियनने ते आधी मोजावं, मग नोटीस द्यावी.

पुढे कधी नोकरी बदललीत तर पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर, म्हणजे तुमच्या कायमच्या पीएफ नंबरवर, वळवून घ्या. आणि नेमणूकपत्रावरची तारीख आज रात्रीच बघा. सुरुवातीचे काही महिने तुम्ही ठेकेदाराकडे असाल, तर पाच वर्षांचा हिशेब बदलू शकतो, मला परत लिहा.