पगाराचा कागद

लिस्बन

चि. यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. बायशा पेठेतल्या दुकानात बारसेलुशचे शोभेचे रंगीत कोंबडे आणि कॉर्कच्या पर्सा विकण्याची नोकरी सोडून, जेवण पोहोचवणाऱ्या ॲपवरचे कुणा तिसऱ्याच्या नावाचे खाते भाड्याने घ्यायचे आणि सायकलवरून घरोघरी जेवण पोहोचवायचे, हा तुझा बेत मला पटलेला नाही. हाती रोख जास्त येईल हे खरे. पण त्या खात्यावर तू वर्षभर राबशील ते सरकारदरबारी दुसऱ्याच्या नावे मोजले जाईल आणि अल्फामाच्या उतारावर, ओल्या दगडी फरसबंदीवर घसरून हाड मोडलेच, तर अपघाताचा विमाही, असलाच तर, त्याचाच असेल.

मी स्वतः इथे आलो तेव्हा एका हॉटेलच्या भटारखान्यात तीन वर्षे पाकिटातून पगार घेतला. मालक वेळच्या वेळी पैसे देई, म्हणून मी त्याला सज्जन समजत होतो. पुढे वास्तव्याच्या परवान्यासाठी कागद गोळा करू लागलो, तेव्हा त्या तीन वर्षांतला एकही महिना माझ्या नावावर नोंदलेला नाही, असे निघाले.

म्हणून तुझ्या मालकाला आधी तपास. सामाजिक सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर तुझा 'निस' क्रमांक घालून दर महिन्याची नोंद तुला स्वतःला पाहता येते. तो दहा तास राबवून चार तासच दाखवत असेल, तर ते तिथेच उघडे पडेल. २०२५ साली इथले किमान वेतन ८७० युरो ठरले आणि ते वर्षातून १४ वेळा द्यायचे असते. उन्हाळ्याच्या सुट्टीचा आणि नाताळचा असे दोन पगार बारा महिन्यांच्या पगारांखेरीज मिळतात. बांगलादेशी असो, पंजाबी असो की आपल्याकडचा, हे दोन पगार गिळणारा मालक सगळीकडे सापडतो. (पगार हा शब्दही आपण पोर्तुगीजांकडूनच घेतला, हे त्याला ऐकवायला हरकत नाही.)

तुझ्या खोलीतल्या पेडण्याच्या मुलांचे पाहून निर्णय घेऊ नकोस. त्यांचे आजोबा १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मले, म्हणून त्यांच्या खिशात पोर्तुगीज पासपोर्ट आहे. तुझे आजोबा तेरेखोलच्या अलीकडे, आरोंद्यात जन्मले. अंतर एका नदीचे, पण त्यांची नोकरी गेली तर फक्त नोकरी जाते. २०२४ च्या जूनमध्ये, आधी येऊन मग वास्तव्याच्या परवान्यासाठी अर्ज करण्याची वाट सरकारने बंद केली. तुझा अर्ज त्याआधीचा आहे, तेव्हा तो जपणे हेच तुझे सध्याचे पहिले काम. त्याच वर्षी, नेमक्या १९ डिसेंबरलाच, पोलिसांनी रुआ दो बेन्फोर्मोझोवर डझनावारी लोकांना भिंतीकडे तोंड करून उभे केले होते. त्यात बहुतेक आपल्याच उपखंडातले होते. त्या गल्लीत तूही भाजी आणायला जातोस, म्हणून परवान्याच्या अर्जाची पावती सतत जवळ बाळग.

सायकलच चालवायची असेल तर स्वतःच्या 'निफ' या कर क्रमांकावर, स्वतःच्या नावाने खाते उघड, स्वतंत्र काम करणाऱ्यांच्या 'हिरव्या पावत्या' फाड आणि विमा स्वतः उतरव. हिशेब अवघड वाटेल, पण तो मी शिकवीन. आणि पोर्तुगीज शिक. पर्यटकांशी इंग्रजीत भागते, परंतु कायमच्या वास्तव्याच्या अर्जाला पोर्तुगीजची प्राथमिक पातळी लागते.

रविवारी दुकान सुटल्यावर घरी ये. येताना गेल्या तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या आणि संकेतस्थळाचा पासवर्ड आण. काकूने सोलकढी करायचे कबूल केले आहे.

तुझा,
काका