दोन दिवसांत डोळे पांढरे करणारा ड्रॉप्स

प्रश्न: डॉक्टर मॅडम, आम्ही निफाडकडचे. मुलगा ९ वर्षांचा आहे. होळी झाली की त्याचे डोळे लाल होतात, इतके खाजतात की झोपेतही चोळतो, सकाळी डोळ्यातून पांढरी चिकट तार निघते. मागच्या वर्षी मेडिकलमधून एक ड्रॉप्स आणला, दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र झाले, तेव्हापासून लाल झाले की तोच टाकतो. सासूबाई म्हणतात उष्णता आहे, वयात आला की जाईल. खरंय का?

उत्तर: ताई, सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. बऱ्याच मुलांना वयात आल्यावर आराम पडतो. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून ही वर्नल अ‍ॅलर्जी वाटते, कोरड्या गरम हवेत होणारी, मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त. वरची पापणी उलटी केली की आत खडे मांडल्यासारखे फुगीर दाणे दिसतात, आणि मूल डोळा मिटतं तेव्हा तेच दाणे बुबुळावर घासत राहतात.

आत काय होतं सांगते. पापणीच्या आतल्या त्वचेत मास्ट पेशी असतात, धूळ किंवा परागकण लागले की त्या काही मिनिटांत हिस्टामिन सोडतात आणि खाज सुटते. थांबलं तिथेच तर बरं, पण टी पेशी, म्हणजे शरीराच्या संरक्षण यंत्रणेतल्या पेशी, मग इओसिनोफिल नावाच्या पेशींना बोलावून घेतात आणि त्यांच्यातली प्रथिनं बुबुळाचा वरचा थर खरवडतात, कधी तिथे चक्क जखम होते. त्यात चोळून चोळून बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येऊ शकतं, म्हणून खाज आली की थंड पाण्याची घडी ठेवा, चोळू देऊ नका.

आता तो ड्रॉप्स, खरी काळजी मला त्याचीच वाटते. बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा बीटामेथासोन लिहिलंय का बघा. ही स्टिरॉइडं, सूज झटकन उतरवतात, गरज पडली तर आम्हीही देतो पण मोजून आणि थोडे दिवस. महिनोन्‌महिने टाकली तर डोळ्याचं प्रेशर वाढतं, काचबिंदू होतो, मोतीबिंदूसुद्धा, आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. प्रेशर वाढलेलं मुलाला बहुतेक वेळा कळतच नाही, दुखत नाही ना!

याच आठवड्यात नाशिकला सिव्हिलला किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञांकडे न्या, बाटली सोबत घ्या, प्रेशर मोजायला सांगा. टी पेशींना आवर घालणारी सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस ही डोळ्यात घालायची औषधं आहेत, त्यांनी प्रेशर वाढत नाही, सुरुवातीला थोडं झोंबतं आणि गुण यायला काही आठवडे लागतात, तेवढा धीर धरा.