ऑप्टिमिस्ट पुण्याहून आणू का, की इथेच घ्यावी?

ताई, तुमचा प्रश्न असा : ऑगस्टमध्ये कोथरूडहून साउथॅम्प्टनला यायचं ठरतंय, मुलगी साडेअकरा वर्षांची आहे, खडकवासल्याच्या पाण्यात ऑप्टिमिस्ट, म्हणजे मुलांची एकट्याने चालवायची छोटी शिडाची बोट, चालवते. तिची बोट घरसामानाबरोबर आणायची, की इथे घ्यायची? आणि घेतली तर विकताना पैसे सुटतात का? व्हिसा, बँक वगैरे सरकारी पानांवर सगळं आहे, त्यात मी पडत नाही.

बोट आणू नका. लांबी २.३६ मीटर, हल, म्हणजे बोटीचं धड, ३५ किलो, त्यामुळे ती कंटेनरमध्ये सहज बसते आणि तिथेच मोह होतो. पण राहतं घर बदलताना मिळणारी करमाफी घेऊन आणलेली वस्तू इथे १२ महिने विकता येत नाही. ऑप्टिमिस्टमध्ये स्पर्धेला वयाची अट आहे, १५ पूर्ण होतात त्या वर्षाच्या डिसेंबरपर्यंतच उतरता येतं. वयाच्याही आधी वजन आडवं येतं. ५० किलोच्या आसपास पोहोचलेलं मूल हलक्या वाऱ्यात मागेच राहतं. म्हणजे विकायची घाई सुरू होईल तेव्हाच हात बांधलेले. शिवाय लाकडी क्रेटला उष्णता-प्रक्रियेचा शिक्का लागतो, तो नसेल तर बंदरात माल अडकतो. तिथलं लाइफ जॅकेटही आणू नका. क्लबवाले आतलं लेबल उलटून बघतात, ५० न्यूटन तरंगवण्याची ताकद आणि इथलं मान्यताचिन्ह नसेल तर मूल पाण्यात उतरत नाही. शीड चांगलं असेल तर मात्र गुंडाळून आणा. घडी घालू नका, घडीच्या रेषा जात नाहीत.

आता किमतीचं. बोट कितीही सुंदर असो, तिची किंमत टिकते ती क्लासमुळे, म्हणजे एकाच मापाच्या, एकत्र शर्यत करणाऱ्या बोटींच्या प्रकारामुळे. जवळच्या क्लबात त्याच क्लासच्या वीस बोटी दर आठवड्याला शर्यतीला उतरत असतील तर गिऱ्हाईक आपणहून येतं. एकुलती एक बोट वर्षभर गवतात उभी राहते. म्हणून आधी क्लब, मग क्लास, मग बोट. या हिशोबात आयएलसीए, म्हणजे जुनी लेझर, सगळ्यांत सोयीची. हल एकच, ४.२३ मीटरचा. बूम (शिडाच्या खालची आडवी काठी) आणि मास्टचा (डोलकाठीचा) वरचा तुकडा तोच, फक्त खालचा तुकडा आणि शीड बदलायचं : ४.७ चौरस मीटरचं आयएलसीए ४, ५.७६ चं ६, ७.०६ चं ७. मूल वाढलं तरी हल तोच राहतो. २०१९ मध्ये नाव बदललं आणि एका बिल्डरची मान्यता गेली, तेव्हापासून कॉकपिटमधली (बसायच्या खळग्यातली) पट्टी न बघता पैसे देऊ नये. मान्यतेची पट्टी नसलेला हल क्लासच्या शर्यतीत चालत नाही, मग तो कितीही चकचकीत असो.

कोरी बोट घेऊ नका. किमतीत २० टक्के व्हॅट असतो, तो विकताना कुणी परत देत नाही, आणि सर्वांत मोठी घसरण पहिल्याच सीझनमध्ये होते. दोन ते पाच वर्षं वापरलेली घ्या. मोठ्या स्पर्धांमध्ये आठवडाभर भाड्याने दिलेल्या बोटी नंतर विकायला काढतात, त्याही चांगल्या. खरेदी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, विक्री मार्च-एप्रिलमध्ये. थंडीत अंगणात पडलेली बोट बायकोला किंवा नवऱ्याला नकोशी होते, तेव्हा भाव पडतो.

बघायला जाताना पाण्याची बाटली, टॉर्च आणि वजनकाटा न्या. मास्ट बसते ती नळी काठोकाठ भरा, पेन्सिलने खूण करा आणि अर्धा तास गप्पा मारा. पातळी उतरली म्हणजे पाणी हलच्या आत जातंय. नळीच्या तळाला वाळू घासून खड्डा पडतो, तिथूनच सुरुवात होते. आणि मास्टचा सगळा जोर तिथेच येत असल्यामुळे भर वाऱ्यात नळी डेकसकट उखडू शकते. मग डेकवर, मास्टभोवती आणि पाय अडकवायच्या पट्ट्यांपाशी, अंगठ्याने दाबून बघा. फरसाणाच्या पुडीसारखा आवाज आला तर आतला थर सुटला आहे. डेकला नंतर पाडलेलं झाकण दिसलं तर कशासाठी पाडलं ते विचारा. हल ५९ किलोच्या आसपास भरायला हवा. चार-पाच किलो जास्त भरला तर आतला फोम पाणी प्यायलेला असतो आणि तो या हवेत वाळत नाही. ॲल्युमिनियमच्या मास्टवर स्टीलच्या रिबीटभोवती पांढरी भुकटी म्हणजे गंज. मास्ट तिथेच मोडते.

शीड हातात घेऊन हलवा. कडक कागदासारखं वाजलं तर जीव आहे, जुन्या धोतरासारखं लोंबलं तर त्याची किंमत शून्य धरा. क्लासचं अधिकृत चिन्ह नसलेलं नकली शीड सरावाला ठीक, शर्यतीला नाही. ‘शिडासकट’ या शब्दावर इथे बरेच व्यवहार फसतात.

ऑप्टिमिस्टच घ्यायची तर नोंदणी-पुस्तक मागा, शीड क्रमांक जुळवा, तिन्ही हवेच्या पिशव्या फुगवून रात्रभर ठेवायला सांगा. मोल्डेड प्लास्टिकच्या बोटी क्लबात शिकवायला असतात, शर्यतीला चालत नाहीत. ‘४२०’ आणि ‘ट्वेंटी-नाइनर’ (29er) हे क्लास दोघांनी मिळून चालवायच्या बोटींचे. जोडीदार सुटला की बोट विकावी लागते, एवढंच आत्ता लक्षात ठेवा.

ट्रेलरची चाकं कधीच खाऱ्या पाण्यात बुडवायची नाहीत, पाण्यात उतरवायला हाताने ढकलायची ट्रॉली वापरायची. टायरवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. दहा वर्षांपूर्वीचे असतील तर तेवढे पैसे कापा.

शाळेचं तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगतो. मुलगी सप्टेंबरमध्ये सातवीत जाईल, म्हणजे माध्यमिक शाळेच्या पहिल्याच वर्षात. त्या प्रवेशाचे अर्ज आदल्या ३१ ऑक्टोबरला बंद होतात, जागा १ मार्चला वाटल्या जातात. ऑगस्टमध्ये येणाऱ्याला उरलेली जागा. घराचा करार दाखवल्याशिवाय इथला पत्ता सहसा धरत नाहीत, आणि शाळा ठरल्याशिवाय घर कुठे घ्यावं कळत नाही. या चक्राचा राग माझा अजून गेलेला नाही. मिळालेली शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला असेल तर संध्याकाळची शर्यत विसरा. म्हणून शाळा ठरेपर्यंत बोट घेऊ नका.

एकटेपणा असतो. क्लबात प्रत्येक कुटुंबाला सेफ्टी बोटीवर नाहीतर चहाच्या खिडकीवर ड्युटी लागते, ती टाळू नका, तेवढ्याने निभतं.

‘पैसे सुटतात का’ हे वाचून मात्र थांबलो. नोकरीतली ज्येष्ठता, शाळेतले नंबर, सोसायटीतला मान यातलं काय इथे कोणत्या भावाने जातं, हे निघताना कुणी सांगत नाही, आणि मलाही विचारायचं सुचलं नव्हतं. बोटीचं तरी सांगता येतं, म्हणूनच बहुधा एवढं लिहिलं. समजा, दोन हजार पौंडांना घेतली, तीन सीझननंतर सोळाशेला गेली. चारशे गेले असं वाटतं. पण मधे एक शीड, विमा, क्लबची वर्गणी आणि बोट उभी करायची जागा यांचा खर्च त्याच्या कितीतरी पट होतो, आणि तो परत येत नाही. बोट विकून आलेला आकडा बघून खूश होणारे लोक हा खर्च लिहून ठेवत नाहीत. तुम्ही ठेवा.

डिंगीला, म्हणजे अशा छोट्या शिडाच्या बोटीला, गाडीसारखं सक्तीचं नोंदणीपत्र नसतं. पावतीवर हल क्रमांक, शीड क्रमांक, तारीख, दोघांच्या सह्या आणि सोबत दिलेल्या प्रत्येक तुकड्याची यादी असू द्या. पुढचा गिऱ्हाईक तीच पावती मागेल.