एफडी मोडून कुत्र्याला सागवानी घर? जरा थांबा की

खानापूरजवळच्या एका गावातून प्रश्न आलाय, थोडक्यात सांगतो. हे दादा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत कामाला, पगार ३२,०००, घरखर्च २६,०००. घरात मुधोळ जातीचा कुत्रा, मिरगाच्या आत त्याला अंगणात लाकडी घर करायचंय. मेस्त्रींनी सागवानाचं सांगितलंय, ९ घनफूट लाकूड, २,६०० चा दर, म्हणजे २३,४०० आणि ५,००० मजुरी, एकूण २८,४००. फणसाचं लाकूड १,१०० नं मिळतंय. साध्या प्लायवूडचं घर ६,५०० मध्ये होतंय. सहकारी सोसायटीत ५०,००० ची एफडी आहे, ८ टक्क्याची, आठ महिने झालेत, आत्ता मोडली तर ५ टक्केच देणार. बचत खात्यात ११,००० आहेत. मोडू का, की बांधावरचा साग तोडू, असं विचारलंय.

दादा, एफडी मोडू नका. व्याजाचं म्हणाल तर तोटा आजच्या घडीला हजार रुपयांचाच आहे, २,६६७ च्या जागी १,६६७ मिळणार, त्यासाठी मी अडवलं नसतं. पण तुमचा घरखर्च २६,००० आणि ही ५०,००० म्हणजे दोन महिनेसुद्धा पुरत नाहीत, त्यातले २८,४०० गेले की व्याज धरून २३,२६७ राहतात. घरात कोण आजारी पडलं, कंपनीत काम कमी झालं, तर मग कुणापुढं हात पसरणार? ही एफडी शिल्लक पैसा नव्हे, तीच तुमची अडीनडीची पुंजी.

आता लाकडाचा हिशोब मीच मांडून बघितला, कारण ९ घनफूट ऐकून जरा खटकलं. मुधोळ कुत्रा खांद्याला सव्वादोन फुटाच्या थोडा वर, त्याला ४ फूट लांब, ३ रुंद, ३ उंच पुरे झालं, उभा राहून वळता आलं की बास, उगाच मोठं केलं तर थंडीत आत ऊबच धरत नाही. तळ १२ चौरस फूट, चार भिंती ४२, छप्पर जरा बाहेर काढून १६, असे ७०. पाऊण इंचाच्या फळीनं ते साडेचार घनफुटाच्या आत बसतंय, चौकट-पाय एक घनफूट, कापण्या-रंध्यात जाणारं धरलं तरी साडेसहा. म्हणजे अख्खं सागवानाचं केलं तरी लाकूड १६,९०० चं, मजुरी धरून २१,९००. मेस्त्री फसवायलेत असं मी म्हणत नाही, पण "कुठल्या फळीला किती" हे कागदावर लिहून मागा की.

आणि प्लायवूड स्वस्त दिसतंय म्हणून तिकडं वळू नका. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस तुम्हाला मी काय सांगावा. साधं प्लायवूड उघड्यावर दोन पावसाळ्यात पापुद्रे सोडतंय, दर दोन वर्षाला ६,५०० घातले तर वर्षाला ३,२५० पडले. सागवान २१,९०० चं, कुत्रा बारा वर्षं वापरेल असं धरलं तर वर्षाला १,८२५. स्वस्तातलंच महाग पडलं की नाही? मरीन प्लाय घेतलं तर गोष्ट वेगळी, पण त्यातसुद्धा कापलेल्या कडा नीट बंद कराव्या लागतात, नाहीतर पाणी तिथनंच शिरतंय.

पण माझं मन तिसरीकडंच आहे. तुमच्या पत्रात एक ओळ होती, जुना गोठा पाडायचाय म्हणून. अहो मग वासे कशाचे आहेत? आपल्याकडच्या जुन्या कौलारू गोठ्यात मत्ती म्हणजे ऐन, जांबा, कधी साग, असलं लाकूड निघतंय, वर्षानुवर्षं वाळलेलं, आता वाकायचं-तडकायचं जे काय होतं ते होऊन गेलेलं. हातोडीनं ठोकून बघा, पोकळ वाजलं किंवा वाळवीची माती दिसली की तो वासा बाजूला टाका. बाकीच्या वाशांचे खिळे काढून ते सॉ मिलला न्या, नाहीतर मिलवाला पातं खराब झालं म्हणून भांडतोय. कापणीला १,२०० धरा. पाय आणि खालची चौकट तेवढी नव्या सागवानाची करा, एक घनफूट, २,६००, आणि तेसुद्धा आतल्या गाभ्याचं घ्या, कडेच्या पांढरट भागाला सागवानातसुद्धा वाळवी लागतेच. मजुरी ५,०००, स्क्रू-तेलाला १,०००. एकूण ९,८००. वरनं गोठ्याचीच मंगळुरी कौलं घाला, पत्र्यासारखी तापत नाहीत. वासे खराबच निघाले तर भिंती फणसाच्या करा, पाय-चौकट सागाचीच, मग साडेचौदा हजाराच्या थोडं वर जातंय, तेव्हा छप्पर आणि खात्यातनं जे कमी पडेल ते पुढच्या महिन्याच्या बचतीतनं करा, तोवर ताडपत्री.

९,८०० गेल्यावर खात्यात १,२०० उरतात, तंगी आहे हे खरंय, पण तुमच्या हाती महिन्याला ६,००० उरतात, दोन महिन्यात खड्डा भरतोय. क्रेडिट कार्डावर हप्ते पाडू नका तेवढं, थकलं तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लावतात.

बांधावरचा साग अजिबात नको. त्याला वनखात्याची परवानगी काढावी लागते, आणि ओलं लाकूड वाळायला कित्येक महिने, मिरग काय थांबतोय? उभं झाड घेर वाढवतंय तोवर वाढवू दे, ती तुमची दुसरी एफडीच समजा.

उद्यमबागेत मशिनरीसोबत आलेल्या पाइनच्या पेट्या फुकटात मिळतात, मला माहित्येय, मी पण एकदा आणलेल्या. शिक्का बघा, एचटी असेल तर नुसत्या उष्णतेनं तापवलेलं, एमबी असेल तर विषारी वायूची धुरी दिलेली, ते कुत्र्याला नको. आणि एचटीवालं पण पाण्यात टिकत नाही, मी केलेल्या कुत्र्याच्या घराचा तळ दुसऱ्या पावसाळ्यात बसला आणि कुत्रा आपला स्कूटरखाली.

जळकं ऑइल फासू नका, आपल्याकडं सगळे फासतात पण कुत्रं चाटतंय. जवसाचं तेल बाहेरनं दोन हात, पुरे. पाय विटांवर, तळ जमिनीपासून वीतभर वर, दार पूर्वेला, पाऊस पश्चिमेकडनं मारतोय ना. आणि मेस्त्रींना बोलवायच्या आधी आठवडाभर अंगणात खोकं मांडून आत पोतं टाकून ठेवा, तो आत जाऊन बसतोय का ते बघा, नसेल बसत तर ९,८०० सुद्धा घालू नका.