कर्नलच्या कामात शिरायचं कुठून?

प्रश्न : लिनक्सच्या कर्नलसाठी, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी, काही करावंसं वाटतं, पण सी भाषा जेमतेम येते. दस्तऐवजांपासून सुरुवात केली तर चालेल का?
— एक विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : चालेल काय, पळेल! कर्नलच्या सोर्समध्येच ‘डॉक्युमेंटेशन’ नावाचं फोल्डर आहे. ‘मेक एचटीएमएलडॉक्स’ ही आज्ञा चालवलीत की स्फिंक्स हे दस्तऐवज बनवणारं साधन त्याची पानं बनवतं. (सगळी बनवायला घेतलीत तर तोवर सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाऊन याल. सुरुवातीला एकच उपफोल्डर घ्या.) मधे स्क्रीनवर सरकणारे इशारे (वॉर्निंग) मात्र नीट वाचा. फंक्शनला नवा पॅरामीटर जोडलेला असतो, पण कोडमध्ये फंक्शनच्या वरच्या टिपणीत (कमेंटमध्ये) त्याचं वर्णन राहून गेलेलं असतं. ते लिहायचं तर कोड वाचावाच लागतो. सी तिथेच पक्की होते. नुसत्या स्पेलिंगच्या दुरुस्त्यांत रेंगाळू नका, हे माझं मत.

कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या नोंदीत, ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ हवीच. हे काम द्यायचा हक्क मला आहे, अशी ती ग्वाही. मग पॅच, म्हणजे तुमच्या बदलांची फाइल, तपासणारी ‘चेकपॅच’ ही स्क्रिप्ट चालवा. पॅच कोणाला पाठवायचा ते ‘गेट-मेंटेनर’ ही स्क्रिप्ट सांगते. ईमेल साध्या मजकुराचा, पॅच त्यातच, अटॅचमेंट नको. उत्तर नाही आलं तर निदान आठवडाभर तरी दम धरा, लगेच तगादा लावू नका.